ज्वालामुखी राख : कणांवरून उद्रेकाचा अभ्यास

ज्वालामुखीच्या स्फोटक उद्रेकात शिलारसाचे आणि जुन्या खडकांचे जे २ मिमी.पेक्षा लहान कण बाहेर फेकले जातात, त्यांना ज्वालामुखी राख म्हणतात. २ ते ६४ मिमी. आकाराच्या तुकड्यांसाठी लॅपिली ही संज्ञा आहे. राख हे नाव रूढ असले तरी फसवे आहे, कारण यात जळालेले काहीच नसते. चुलीतली राख चिमटीत मऊ लागते. ही मात्र कचकचते, कारण ती मुख्यतः काच असते. काचकणांखेरीज तिच्यात फेल्डस्पार, पायरोक्सीन, कृष्णाभ्रक या खनिजांचे स्फटिक आणि ज्वालामुखीच्या नळीतून खरवडून निघालेले जुने खडककण सापडतात.

शिलारस फुटतो तो जमिनीखाली, कोणाच्याही नजरेआड. त्या क्षणाची खूण उरते ती या कणांत. खोलवर असताना शिलारसात पाणी व इतर वायू विरघळलेले असतात. तो वर चढू लागला की दाब घटतो आणि त्यात बुडबुडे धरतात. सिलिका जास्त असलेल्या घट्ट शिलारसातून ते निसटू शकत नाहीत. बुडबुड्यांनी साधारण तीन-चतुर्थांश जागा व्यापली की हा फेस फुटून त्याची राख होते, असे पूर्वापार मानले जाते. मात्र केवळ बुडबुड्यांचे प्रमाण नव्हे, तर शिलारस किती वेगाने ताणला जातो हेही तितकेच निर्णायक आहे, हे अलीकडचे मत अधिक पटण्याजोगे आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली असे कण रंगहीन, पातळ, वक्र कपच्यांसारखे दिसतात. तीन बुडबुडे जिथे भिडले होते तिथला तुकडा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा असतो. शिलारसाची भूजलाशी किंवा बर्फाशी गाठ पडली असेल, तर कण ठोकळेवजा, कमी छिद्रांचे आणि तडे गेलेले असतात. पण वायू आधीच निघून गेलेला शिलारस फुटला तरी ठोकळेच मिळतात. त्यामुळे आकारावरून थेट निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. काचेतील सूक्ष्म स्फटिकांची संख्याही पाहावी लागते. स्वच्छ काच झटपट थंड झालेली असते. स्फटिकांनी भरलेली काळपट काच शिलारस वाटेत रेंगाळल्याचे सांगते.

याचे महत्त्व सेंट हेलेन्स (अमेरिका) येथे दिसले. १८ मे १९८० च्या महाउद्रेकापूर्वी, २७ मार्चपासून तेथे लहान वाफस्फोट होत होते. त्यांची राख म्हणजे जुन्या खडकाचा चुरा, असाच समज होता. कॅथरीन कॅशमन आणि रिचर्ड हॉब्लिट यांनी २००४ मध्ये या आरंभीच्या राखेत ताज्या शिलारसाचे, सूक्ष्म स्फटिकयुक्त काचकण असल्याचे दाखवले. म्हणजे महाउद्रेकापूर्वीच शिलारस उथळ पातळीपर्यंत पोचला होता. पुढच्या उद्रेकांत पहिली राख तातडीने तपासण्याचा आग्रह यामुळेच रास्त ठरतो.

थरांची जाडी आणि कणांचा आकार अंतरानुसार कसा घटतो, यावरून उद्रेकाचे घनफळ व राखस्तंभाची उंची काढतात. राखथरांवरून कालक्रम लावण्याच्या शाखेचा पाया आइसलँडचे सिगुर्दूर थोरारिनसॉन यांनी घातला. टेफ्रा (उद्रेकात बाहेर फेकले गेलेले सर्व आकारांचे कण व तुकडे) ही ग्रीक संज्ञा त्यांनीच १९४४ मध्ये रूढ केली.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या शाखेतील सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न जुन्नर तालुक्यातील बोरी येथील राखेचा आहे. कुकडी नदीच्या गाळथरांतील ही राख डेक्कन कॉलेजचे श. न. राजगुरू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अभ्यासली. ती ३,००० किमी.हून दूर असलेल्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची आहे, हे आता बहुमान्य आहे. इतक्या लांब राख का पोचली, याचे उत्तरही अंशतः कणांच्या आकारात आहे : टोबाच्या राखेत पातळ, चपट्या बुडबुडा-भित्तींचे प्रमाण मोठे असून अशा कपच्या हवेत दीर्घकाळ तरंगतात.

वाद आहे तो टोबाच्या कोणत्या उद्रेकाची ही राख, याबद्दल. शेवटचा व सर्वांत मोठा उद्रेक सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी झाला. त्याआधीचा एक सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीचा आहे. बोरीच्या राखेला १९८९ मध्ये पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने (पोटॅशियमपासून कालांतराने साठत जाणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय काढण्याची पद्धत) सुमारे १४ लाख, तर १९९५ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सुमारे ६.७ लाख वर्षे हे वय मिळाले. त्याच वर्षी फिलिप शेन, जॉन वेस्टगेट आदींनी काचेच्या रासायनिक घटनेवरून ती ७४,००० वर्षांपूर्वीची ठरवली. २०११ मध्ये वेस्टअवे, शीला मिश्रा आदींनी पुन्हा ८ लाखांच्या आसपासचे वय मांडले. राखेच्या सान्निध्यात अश्यूलियन (पुराश्मयुगातील एक प्राचीन हत्यार-परंपरा) हातकुऱ्हाडी मिळाल्याने हा प्रश्न केवळ भूविज्ञानाचा राहत नाही. राख तरुण असेल, तर ही हत्यारे जुन्या थरांतून वाहून आली असावीत किंवा ती परंपरा येथे फार उशिरापर्यंत टिकली असावी.

यात एक तांत्रिक अडचण निर्णायक वाटते. कुकडीचे खोरे सुमारे ६.६ कोटी वर्षे जुन्या दख्खनच्या बेसाल्टात आहे. नमुन्यातील पोटॅशियमचा केवळ १ टक्का वाटा त्या खडकातून आला, तरी मोजलेले वय सुमारे साडेसहा लाख वर्षांनी फुगते. नदीने वाहून आणलेल्या राखेत अशी भेसळ होणे सहज शक्य आहे. दुसरीकडे, टोबाच्या या दोन उद्रेकांची काच जवळजवळ सारखी असल्याने काचेचा पुरावाही एकटा पुरा पडत नाही. त्यासाठी कृष्णाभ्रकाचे रासायनिक विश्लेषण अधिक भरवशाचे मानले जाते. एकूण पाहता तरुण वयाकडे पुराव्याचा कल झुकतो, परंतु हातकुऱ्हाडींवरून पुरातत्त्वज्ञांनी घेतलेले आक्षेप गंभीरपणे घेण्यासारखे आहेत.

पुणे जिल्ह्यातच कऱ्हा नदीकाठी मोरगाव येथेही अशी राख आहे. भारतात टोबाची राख प्रथम शोण नदीच्या खोऱ्यात १९८० मध्ये सापडली. आंध्र प्रदेशातील ज्वालापुरम येथे तिचा थर सुमारे अडीच मीटर जाड आहे. त्यातील तळाचा काही सेंमी.चा भागच थेट आकाशातून पडलेला असून बाकीची राख पाण्याने आजूबाजूहून आणून साठवली आहे. अंदमानातील बॅरन बेट १९९१ पासून पुन्हा जागे झाले असून तेथील राख बेसाल्टी स्वरूपाची आहे.