दागोन (काल्पनिक समुद्रदेव)

दागोन : अमेरिकन भयकथालेखक एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) याच्या कथाविश्वातला समुद्रतळाचा अजस्र देव. त्याला भजणारा पंथ माणसांचा आहे, तसाच अर्धवट माणूस, अर्धवट मासा अशा जलचरांचाही आहे. हे नाव लव्हक्राफ्टच्या कल्पनेतून निघालेले नाही. ते बायबलमधले आहे आणि मराठी बायबल वाचणाऱ्यांना पलिष्ट्यांचा, म्हणजे इस्राएलाच्या जुन्या शत्रूंचा, देव म्हणून ते ठाऊक असते. या नोंदीत मराठी बायबलातलेच रूप वापरले आहे.

गंमत अशी की ज्या खऱ्या देवाचे हे नाव, त्याचा समुद्राशी फारसा संबंध नव्हता. दागान या नावाने त्याची पूजा युफ्रेटिस नदीच्या मधल्या खोऱ्यात, मारी, तुत्तुल आणि तेर्का या नगरांत होत असे. अक्कडचा राजा सारगॉन तुत्तुलला त्याच्यापुढे नमला होता. उगारित या सिरियातल्या प्राचीन नगराच्या काव्यांत बाल या देवाला ‘दागानचा पुत्र’ म्हटले आहे. हिब्रूत ‘दागान’ म्हणजे धान्य आणि ‘दाग’ म्हणजे मासा. या दोन शब्दांच्या जवळिकीतून पुढचा घोटाळा झाला. बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात अश्दोदच्या देवळाची गोष्ट आहे. पलिष्टी लोक इस्राएलाचा पवित्र कोश जिंकून आणतात आणि दागोनाशेजारी ठेवतात. सकाळी पाहतात तर मूर्ती पालथी पडलेली. ते तिला पुन्हा उभी करतात, तर दुसऱ्या सकाळी तिचे डोके आणि हात तुटून उंबरठ्यावर पडलेले, मागे उरले ते फक्त धड. हे उरलेले धड माशाचे असणार, असे मध्ययुगीन भाष्यकारांनी ठरवून टाकले. १६६७ साली इंग्रज कवी मिल्टनने आपल्या महाकाव्यात त्याला कमरेवर माणूस आणि कमरेखाली मासा केले. एकोणिसाव्या शतकात ॲसिरियातल्या उत्खननात माशाचे कातडे पांघरलेल्या आकृती सापडल्या, तेव्हा त्यांनाही दागोनच म्हणण्यात आले. हा मत्स्यदेव लव्हक्राफ्टच्या हाती आला तो असा तयार होऊन. आजचे अभ्यासक माशाची व्युत्पत्ती मानत नाहीत, पण भयकथेला व्युत्पत्तीशी काय देणेघेणे!

‘दागोन’ ही छोटी कथा लव्हक्राफ्टने १९१७ साली लिहिली. ती नोव्हेंबर १९१९ मध्ये ‘द व्हेग्रंट’ या हौशी नियतकालिकात छापून आली आणि ऑक्टोबर १९२३ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ने पुन्हा छापली. निवेदक पहिल्या महायुद्धात एका मालवाहू जहाजावर असतो. जर्मन युद्धनौका ते जहाज पकडते, तो होडीतून निसटतो आणि पॅसिफिकमध्ये वाहवत जातो. एका सकाळी जाग येते तेव्हा होडी काळ्या, बुळबुळीत चिखलात रुतलेली असते. समुद्राचा तळच वर आलेला असतो. सडक्या माशांचा वास येणाऱ्या त्या मैदानातून चालत तो एका दरीशी पोहोचतो. पलीकडे एक पांढरा प्रचंड शिलास्तंभ उभा असतो, त्यावर मासे, अष्टपाद आणि जाळीदार बोटांची माणसे कोरलेली. मग पाण्यातून ‘ते’ वर येते, स्तंभाला कवटाळते आणि डोके झुकवून तालबद्ध आवाज काढू लागते. पुढे निवेदक भ्रमिष्ट होतो, मॉर्फिनच्या आहारी जातो.

या कथेत दागोन हे नाव कसे येते, ते बघण्यासारखे आहे. तो राक्षसी जीव आपले नाव सांगत नाही. निवेदकच परत आल्यावर एका मानववंशशास्त्रज्ञाकडे पलिष्ट्यांच्या मत्स्यदेवाबद्दल चौकशी करतो आणि तो गृहस्थ फार साचेबद्ध वाटला म्हणून विषय सोडून देतो. दागोन त्या स्तंभाशी प्रकट झाला, असे बरेच वाचक धरून चालतात. पण मजकूर नीट वाचला तर ते प्रचंड धूड देवासारखे वागत नाही, स्तंभापुढे झुकलेल्या भक्तासारखे वागते. मग देव कोण, याचे उत्तर कथा देत नाही. प्रस्तुत नोंदकर्त्याच्या मते दागोनाची सगळी ताकद इथेच आहे. तो नीट कधी दिसतच नाही, दिसतात ती त्याच्यापुढे वाकलेली डोकी.

हे भक्त पूर्णपणे उलगडतात ते ‘द शॅडो ओव्हर इन्समाउथ’ या दीर्घकथेत. ती १९३१ च्या अखेरीस लिहिली गेली आणि १९३६ साली पुस्तकरूपाने आली. लव्हक्राफ्टच्या हयातीत त्याच्या कथेचे निघालेले हे एकमेव पुस्तक. इन्समाउथ हे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचे काल्पनिक, पडझडीला आलेले बंदर. तिथे आलेल्या तरुण निवेदकाला गावची कहाणी सांगतो तो झेडॉक ॲलन नावाचा नव्वदी ओलांडलेला दारुडा, आणि तीही बाटली पोटात गेल्यावर.

या कहाणीचा नायक ओबेड मार्श हा जहाजाचा कप्तान. ताहितीच्या पूर्वेकडच्या एका बेटावर त्याला दिसते की आसपासची बेटे मासळीवाचून तडफडत असताना इथे मासळी अमाप आहे, आणि लोकांच्या अंगावर विचित्र घडणीचे सोने. बेटवाल्यांचा मुखिया वालाकीया हळूहळू गुपित फोडतो. समुद्रात राहणाऱ्या जमातीला ते वर्षातून दोनदा माणसांचे बळी देतात, एकदा मे महिन्याच्या आदल्या रात्री आणि एकदा ऑक्टोबरच्या अखेरीस. बदल्यात मासळी आणि सोने मिळते. पुढे त्या जमातीशी सोयरीकही सुरू होते. त्यांची पोरे आधी माणसासारखी दिसतात, वयानुसार बदलत जातात आणि शेवटी पाण्यात निघून जातात. कोणी मारले नाही, तर ती मरतच नाहीत.

इथे भक्तिभाव शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. हा सरळसरळ नवस आहे, किंवा त्याहूनही कोरडा, सावकारी व्यवहार. देव प्रसन्न झाला की नाही हे जाळ्यातल्या मासळीवरून कळते. पुढे १८३८ मध्ये शेजारच्या बेटांवरचे लोक त्या बेटाचा नायनाट करतात आणि मार्शचा सोन्याचा झरा आटतो. तेव्हा तो हाच सौदा आपल्या गावात आणतो. गावात मंदी असते, मासळी कमी झालेली असते. चर्चमधली प्रार्थना करूनही पोट भरत नाही आणि हा नवा देव रोकडा आहे, हा त्याचा युक्तिवाद. लोकांना तो पटतो. १८४६ साली काही जण विरोध करतात आणि मार्शला तुरुंगात टाकतात. मग एका रात्री बंदराबाहेरच्या डेव्हिल रीफ या खडकाळीकडून जलचरांच्या झुंडी वर येतात. सकाळी अर्धे गाव मेलेले असते. बाहेरच्या जगाला सांगितले जाते की साथ आली होती.

त्यानंतर ‘एसॉटेरिक ऑर्डर ऑफ दागोन’ (दागोनाचा गूढ संप्रदाय) हा पंथ गावचा कारभार हाती घेतो. फ्रीमेसन या बंधुसंघाची जुनी इमारत त्यांचे मंदिर होते आणि पुरोहित डोक्यावर तोच परदेशी सोन्याचा मुकुट घालतो. पंथात तीन शपथा आहेत. पहिली सगळ्यांना घ्यावी लागते. झेडॉकने पहिल्या दोन घेतल्या, तिसरी मात्र मेलो तरी घेणार नाही, असे तो म्हणतो. तिसरीत काय असते ते तो स्पष्ट सांगत नाही, पण गावातल्या लोकांचे न मिटणारे फुगीर डोळे आणि मानेवरच्या सुरकुत्या पाहिल्या की अंदाज येतो.

देवांची उतरंड मात्र लव्हक्राफ्टने ढिलीच ठेवली. दागोन पिता आणि हायड्रा माता हे जलचरांचे आदिपूर्वज म्हणून एका ओळीत येऊन जातात. त्यांच्याही वर क्थुलू आहे, जो लव्हक्राफ्टच्या १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेनुसार पॅसिफिकच्या तळाशी बुडालेल्या नगरीत निद्रिस्त आहे. दागोन या थोरल्या देवाचा सरदार की नुसता कुलपुरुष, याचा पक्का निवाडा कथांमध्ये सापडत नाही. नंतरच्या लेखकांनी वंशावळी आखल्या, त्या त्यांच्या त्यांनी.

या कल्पनेच्या मुळाशी एक घाण आहे, ती झाकून चालणार नाही. लव्हक्राफ्टची पत्रे स्थलांतरित आणि कृष्णवर्णीय लोकांबद्दलच्या द्वेषाने भरलेली आहेत. इन्समाउथची भीती ही उघडउघड रक्तसंकराची भीती आहे. पॅसिफिकमधल्या बेटवासीयांकडून रोग यावा तसा हा धर्म अमेरिकेत येतो. कथेतला तिकीटबाबूही म्हणतो की शेजारच्या गावांचा इन्समाउथवरचा राग मुळात वंशद्वेषाचा आहे, आणि त्यासाठी तो कुणाला दोष देत नाही. पण कथा शेवटी लेखकाच्याच हातून निसटते. निवेदकाला कळते की आपल्याही नसांत मार्शांचे रक्त आहे. आरशातला चेहरा बदलू लागतो. आधी त्याच्याच तक्रारीवरून सरकारने १९२७–२८ च्या हिवाळ्यात गावावर छापा घातलेला असतो, लोकांना छावण्यांत डांबलेले असते, पाणबुडीतून खडकाळीपलीकडच्या गर्तेत टॉर्पेडो सोडलेला असतो. आता मात्र तो पिस्तूल बाजूला ठेवतो आणि समुद्रातल्या आजीकडे, यहा-न्थ्लेई या पाणनगरीत कायमचे राहायला जाण्याचे बेत आनंदाने आखू लागतो. अमेरिकन लेखिका रुथॅना एमरिस यांनी २०१७ च्या कादंबरीत हाच धागा उचलला. त्यांची नायिका छावणीत वाढलेली इन्समाउथची मुलगी आहे आणि तिच्या तोंडून हा धर्म घरच्या देवधर्मासारखा समजतो.

पंथाचे नाव कथेबाहेरही चालले. १९७३ साली सुरू झालेल्या लव्हक्राफ्टप्रेमींच्या एका हौशी लेखनमंडळाने तेच नाव घेतले. २००१ मध्ये स्टुअर्ट गॉर्डनने ‘दागोन’ नावाचा चित्रपट काढला, त्यात इन्समाउथ उचलून स्पेनच्या किनाऱ्यावर नेले आणि गावाचे नाव इम्बोका ठेवले. १९८१ साली निघालेल्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ या भूमिका-खेळाने (खेळाडू पात्रे होऊन फाशांवर खेळतात तो खेळ) तर दागोन पिता आणि हायड्रा माता यांना नियमपुस्तकाच्या मापात बसवले. तिथे ते देव नाहीतच, फार म्हातारे आणि त्यामुळे फार अवाढव्य झालेले दोन जलचर आहेत. त्यांची ताकद, आकार आणि चपळाई आकड्यांत दिलेली आहे, आणि फासे चांगले पडले तर त्यांना मारताही येते.