टोटल लॉस (मोटार विमा, बेळगाव सीमाभाग)

अपघात, पूर किंवा आगीत सापडलेल्या गाडीचा दुरुस्तीखर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी ती गाडी 'टोटल लॉस' ठरवते. बेळगाव-निपाणीकडे नुसते 'गाडी टोटल झाली' म्हणतात. विम्यात धरलेली किंमत म्हणजे आयडीव्ही. नव्या गाडीच्या किमतीतून वयानुसार घट वजा करून ती काढतात. चार-पाच वर्षांच्या गाडीला ही घट ५० टक्के.

समजा, तवंदी घाटात उलटलेल्या मोटारीची आयडीव्ही ६ लाख आहे. दुरुस्तीचा अंदाज साडेचार लाखांपुढे गेला, की ती टोटल. मोडक्या गाडीच्या सांगाड्याला दीड लाखाची बोली आली आणि मालकाने तो स्वतःकडेच ठेवला, तर आयडीव्हीतून दीड लाख आणि सक्तीच्या कपातीचे १,००० रुपये (१५०० सीसीपर्यंतच्या गाडीला) वजा होऊन ४,४९,००० मिळतात. कर्ज असेल तर त्यावर पहिला हात बँकेचा.

दावा मिटला, की पॉलिसीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) भाग तिथेच संपतो. उरलेल्या महिन्यांचा हप्ता परत येत नाही आणि जमलेला नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूटही जाते. हे बहुतेकांना ठाऊक असते. गफलत होते ती आरसीबाबत, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्राबाबत. गाडी कायमची निकामी झाली असेल, तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५५ नुसार मालकाने शक्यतो १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. पैसे खात्यात पडल्यावर ती खेप फारसे कोणी घालत नाही.

सीमाभागात याला आणखी एक फाटा फुटतो. केए-२२ (बेळगाव) किंवा केए-२३ (चिकोडी) पाटीचा सांगाडा कोल्हापूरकडच्या खरेदीदाराला जातो. राज्याबाहेर नोंद बदलायची तर मूळ आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागते. ती राहून जाते, आणि गाडी मात्र ठोकून-ठाकून पुन्हा रस्त्यावर येते. तिने कुणाला उडवले तर? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की गाडी विकलेली असली तरी आरसीवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. त्या दिवशी थर्ड पार्टी विमा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) चालू नसेल, तर भरपाई जुन्या मालकाच्या खिशातून.

त्यामुळे सांगाडा उचलायला आलेला माणूस फॉर्म २८ (एनओसीचा), २९ आणि ३० (मालकी बदलाचे) कोरेच पुढे करतो, तेव्हा खरेदीदाराचे नाव आणि तारीख घातल्याशिवाय सही करू नये.