सेक्स पिस्टल्सची गिटार कोणाची?

‘सेक्स पिस्टल्स’ या ब्रिटिश पंक रॉक बँडच्या १९७७ सालच्या अल्बमवरील गिटार बँडचा गिटारवादक स्टीव्ह जोन्सने नव्हे, तर ख्रिस स्पेडिंग या मुरलेल्या वादकाने वाजवली, अशी वदंता अनेक वर्षे फिरत आहे. तिचे मूळ इतकेच, की मे १९७६ मध्ये बँडची प्राथमिक ध्वनिमुद्रणे स्पेडिंगच्या देखरेखीखाली झाली होती; अल्बमवर आपण वाजवले नसल्याचे त्याने स्वतःच सांगितले आहे. वाद्यांच्या चोऱ्याही २०१६ च्या आत्मचरित्रात मोकळेपणाने कबूल करणाऱ्या जोन्सला हे श्रेय मात्र चोरावे लागले नव्हते. उलट, बँडचा बेसवादक सिड व्हिशसला बेस गिटार धड येत नसल्याने आणि तो काविळीने रुग्णालयात पडल्याने बहुतेक गाण्यांतील बेसही जोन्सनेच वाजवला. ‘अ‍ॅनार्की इन द यू.के.’वर तेवढा सिडच्या आधीचा बेसवादक ग्लेन मॅटलॉकचा बेस आहे.