रिस्टोअर टेस्ट आणि डीआर ड्रिल, यात गल्लत नको

बडोद्यात जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मध्यम कंपनीत विचारा, डीआर (डिझास्टर रिकव्हरी, म्हणजे मोठ्या संकटानंतर काम परत सुरू करणं) टेस्ट करता का, आयटीवाला लगेच फोल्डर उघडून दाखवतो, हे बघा मागच्या महिन्याचा बॅकअप, दुसऱ्या मशीनवर चढवून बघितला, चालला. चांगलंच केलं, पण ही झाली रिस्टोअर टेस्ट, डीआर ड्रिल अजून बाकीच आहे. ऑडिटच्या कागदावर दोन्ही एकाच रकान्यात जातात म्हणून हा घोळ चालत राहतो आणि मला त्याची खरंच काळजी वाटते, कारण आपल्या गावाला पुराचं पाणी काही नवीन नाही.

रिस्टोअर टेस्टचा प्रश्न एवढाच की डेटा परत येतो का. बॅकअप सॉफ्टवेअरनं हिरवा टिक दाखवला म्हणून भागत नाही. गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या वेबसाइटचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण आठवा, इंजिनिअरच्या हातून चुकून चालू डेटाबेसच उडाला आणि बॅकअप शोधायला गेले तर रोजचा डंप, म्हणजे डेटाबेसची पूर्ण प्रत, ठेवायची जागा रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीचा, डंप घेणारं टूल जुन्या ९.२ चं, त्यामुळे डंप गपचूप फेल होत होता आणि फेल झाल्याचे मेल समोरचा सर्व्हर नाकारत होता म्हणून कुणाला पत्ताच नाही! सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हातानं घेतलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या डेटाची प्रत) होता, तो कामी आला. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. हे सगळं त्यांनी स्वतःच उघडपणे लिहिलंय. एकदा जरी तो डंप चढवून बघितला असता तरी तिथेच कळलं असतं.

ड्रिलमध्ये ही जागाच नाही असं धरायचं आणि कंपनीचं काम चालतं का ते बघायचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी २६. अशा दिवसात सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर कोरडाठाक असला तरी जनरेटर तळघरात पाण्यात, लाईट गेलेली, आणि ज्याला पासवर्ड माहीत तो समा भागात आपल्या घरात अडकलेला.

मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातली ड्रिल मी जवळून बघितली. शनिवारी सकाळी मालकांनीच सर्व्हर रूमला कुलूप लावलं, आता आत कुणी जायचं नाही म्हणाले. मुंबईच्या क्लाउडवर ईआरपी (बिलं, स्टॉक, हिशोब सांभाळणारं सॉफ्टवेअर) तासाभरात उभी राहिली, डेटा पूर्ण, म्हणजे रिस्टोअरच्या हिशोबानं पास. पण लॉगिन कुणाचंच होईना, कारण युजर तपासणारा डोमेन कंट्रोलर कुलपाच्या आत. ते कसंबसं सुटलं तर पासवर्डची एक्सेल फाईल पण त्याच सर्व्हरवर. तोवर गाडी भरून गेटवर उभी आणि माल नेताना लागणारं ई-वे बिल निघेना, जीएसटीच्या बाजूला कंपनीचा जुना आयपीच (इंटरनेटवरचा पत्ता) मंजूर केलेला, क्लाउडचा कुणी कळवलाच नव्हता. डिस्पॅचचे काका दोनदा येऊन गेले, "अरे, गाडी सोडू की नको तेवढं सांग." शेवटी पोर्टलवर हातानं बिल बनवलं. बॅकअप कितीही वेळा चढवून बघा, यातलं काही दिसणार नाही.

वेळेचं पण तसंच. रिस्टोअर टेस्टमध्ये घड्याळ सुरू होतं इंजिनिअरनं बटण दाबल्यावर. खऱ्या संकटात ते लाईट गेल्यापासून चालू असतं, आणि "आता डीआरवर जायचं" हे बोलायचं कुणी, यातच बराच वेळ जातो. २४ फेब्रुवारी २०२१ ला एनएसई या शेअर बाजाराचे सौदे जवळजवळ चार तास बंद होते, डीआर साईट असून तिकडे गेले नाहीत. पुढच्याच महिन्यात बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं नियम आवळले, अर्ध्या तासात डिझास्टर जाहीर करा आणि त्यानंतर ४५ मिनिटांत डीआरवरून काम सुरू करा. २ मार्च २०२४ ला, शनिवारी, एनएसईनं पहिलं सत्र मुख्य साईटवरून आणि दुसरं डीआरवरून चालवलं, सौदे खरे, पैसे खरे. याला म्हणतात ड्रिल.

आता उलट बाजू, ही जास्त फसवी वाटते मला. ड्रिल पास झाली म्हणून बॅकअप चांगला असं पण नाही. डीआर सर्व्हर बहुतेक वेळा रेप्लिकेशनवर चालतो, इथे जे होईल ते काही सेकंदात तिथे, म्हणजे कुणी टेबल डिलीट केलं किंवा रॅन्समवेअरनं (खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं) फाईली लॉक केल्या तर तीच घाण तिकडे पण. तेव्हा कालचा बॅकअपच लागणार, आणि तो सहा महिने कुणी उघडून बघितलेला नसतो.

म्हणून रिस्टोअर टेस्ट दर महिन्याला करा, जो बॅकअप घेतो त्याला सोडून दुसऱ्याकडून. ड्रिल वर्षातून एकदा तरी, मे महिन्यात, पावसाच्या आधी. आणि ड्रिलमध्ये परत येणं पण धरा. सोमवारी क्लाउडवर बनलेली बिलं जुन्या सर्व्हरवर कशी आणायची, ती येईपर्यंत नवीन एंट्री कुठे करायच्या, हे बहुतेक प्लॅनमध्ये लिहिलेलंच नसतं.