शेकड्याचं माप आलं कुठून?

‘६० पैकी ४५ गुण म्हणजे शेकडा किती?’ पाचवी-सहावीच्या वहीत हा प्रश्न आला की फळ्यावर बहुधा एकच ओळ असते: भागा आणि १०० ने गुणा. उत्तर ७५ येतं, पण मध्येच हे १०० कुठून उपटलं, ते कोणी सांगत नाही. ते आलं मुख्यतः सावकारीतून.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धर्माला धरून असलेलं व्याज दिलं आहे: १०० पणांना (पण हे तेव्हाचं नाणं) महिन्याला सव्वा पण, म्हणजे वर्षाला १५. व्यापाऱ्याला महिन्याला ५, रानावनातून जाणाऱ्याला १०, समुद्रावर जाणाऱ्याला थेट २०. जोखीम वाढेल तसा दर चढा, आणि सगळे दर एकाच शंभराच्या मापात. तिकडे रोममध्ये ऑगस्टसने लिलावातल्या विक्रीवर शंभरावा हिस्सा कर बसवला होता. % ही खूण मात्र बरीच नंतरची. इटालियन व्यापारी ‘पेर चेंतो’, म्हणजे शंभरामागे, हे घाईत तोडून लिहीत. पंधराव्या शतकापासून ते आखडत गेलं आणि शेवटी दोन शून्यं नि एक रेघ उरली.

शाळेतल्या उदाहरणाचे आजोबा भेटतात ते ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथात. ११५० च्या सुमारास भास्कराचार्य विचारतात, १०० ला महिन्याला ५ व्याज, तर १६ चं वर्षाचं किती? उत्तर ९.६. (त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने मठ काढला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.) हे झालं पंचराशिक, म्हणजे पाच राशींवरून सहावी काढणं. आपल्याला साधं त्रैराशिक, म्हणजे तिनांवरून चौथी, पुरतं. प्रमाण (ज्याच्यापैकी) ६०, फल (त्यात मिळालेले) ४५, इच्छा (ज्याच्यासाठी हवं ते) १००. फलाला इच्छेने गुणा, प्रमाणाने भागा: ७५. १०० ही इथे ‘इच्छा’ आहे, म्हणजे पेपर १०० चा असता तर किती पडले असते? मला ही मांडणी सूत्राहून सरस वाटते, कारण प्रमाण कोणतं ते आधी ठरवावंच लागतं, आणि मुलं नेमकी तिथेच घसरतात. ४० हे ५० चे ८० टक्के, पण ५० हे ४० चे १२५ टक्के.

मराठी मुलखात सावकारी कागदांत ‘दरमहा दरशेकडा’ असे, पण बोलण्यात अपूर्णांकच. चौथ म्हणजे २५ टक्के आणि सरदेशमुखी म्हणजे १०, असं तेव्हा कोण म्हणणार? पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, तोंडपाठ असलेल्याचं टक्क्यांवाचून काही अडत नव्हतं. रुपयाचे आणे १६, म्हणून पूर्ण खरं ते ‘सोळा आणे खरं’.

१ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी ते ६४ होते. त्या हिशेबाने महिन्याला रुपयामागे पैसा व्याज म्हणजे वर्षाला शेकडा पावणेएकोणीस. नव्या पैशात त्याच ‘रुपयाला पैसा’चे बरोबर १२ झाले.