४१०० वेळा ‘रन’ कोण दाबणार?

साथ कशी पसरते याचं संगणकावरचं एक साधं मॉडेल घ्या. चौकटीत संसर्गाचा दर भरायचा, ‘रन’ दाबायचं, आलेख बघायचा. एकदा-दोनदा गंमत वाटते. पण दर ०.१० पासून ०.५० पर्यंत ०.०१च्या टप्प्यानं बदलून पाहायचा, तर ४१ आकडे झाले. कोणाला लागण होईल हे मॉडेलमध्ये योगायोगावर असतं, म्हणून प्रत्येक आकड्याला १०० खेपा धरू. एकूण ४१००. दर खेपेला हाताचं अर्धं मिनिट गेलं तरी ३४ तास, आणि मधेच ०.३२च्या जागी ०.२३ टाइप झालं तर पत्ताही लागणार नाही.

हे काम स्क्रिप्टनं, म्हणजे पायथॉनसारख्या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामनं करावं. ती आकडे बदलत जाते, खिडकी न उघडताच मॉडेल चालवते आणि निकाल फाइलमध्ये टाकते. एका खेपेला पाच सेकंद धरले, तर प्रोसेसरच्या आठ कोअरवर (एकाच वेळी स्वतंत्र काम करणाऱ्या भागांवर) वाटून सगळं पाऊण तासात उरकतं. माझ्या लेखी वेग दुय्यमच. एखादा आकडा कुठून आला, हे सहा महिन्यांनी सांगू शकते ती स्क्रिप्टच.

मात्र सगळंच पायथॉनवर सोपवू नये. ‘भेट झाली, लागण झाली का?’ हा हिशेब कोट्यवधी वेळा होतो आणि पायथॉन दर वेळी सूचनेचा अर्थ लावत बसतं. तेवढा गाभा सी किंवा फोरट्रान या भाषांत लिहून आधीच कंपाइल केला, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदलून ठेवला, की तो कित्येक पटींनी पळतो. आयबीएमनं १९५७ साली आणलेली फोरट्रान हवामानाच्या मॉडेलांत अजून राबते आहे, ती उगाच नाही. फक्त दर, लोकसंख्या वगैरे आकडे प्रोग्राममध्ये कोरून ठेवू नयेत, कमांडसोबत बाहेरून द्यावेत. नाहीतर प्रत्येक बदलाला पुन्हा कंपाइल करा!

खरी मेख ‘सीड’मध्ये आहे. संगणकाचे यादृच्छिक आकडे एका सुरुवातीच्या संख्येवरून तयार होतात, तीच सीड. सीच्या प्रोग्राममध्ये ती अनेकदा घड्याळातून घेतात, आणि ते घड्याळ मोजतं पूर्ण सेकंद. स्क्रिप्टनं एकाच सेकंदात आठ खेपा सोडल्या तर आठांनाही तीच सीड! आलेखात आठ रेषा एकीवर एक बसतात आणि आपण मॉडेल किती स्थिर आहे म्हणून खूश. त्यापेक्षा खेपेचा क्रमांकच सीड म्हणून द्यावा, निकालाच्या फाइलच्या नावातही घालावा. ३१७वी खेप विचित्र निघाली, तर नेमकी तीच पुन्हा चालवून बघता येते.