चाल, वेग आणि त्वरण

एखादी वस्तू किती झपाट्याने अंतर कापते ते सांगणारी राशी म्हणजे चाल. तीच दिशेसह सांगितली की वेग, आणि तो वेग दर सेकंदाला किती बदलतो ते त्वरण. शाळेत या तिन्ही व्याख्या एकापाठोपाठ येतात आणि उदाहरणातली गाडी बहुतेक वेळा सरळ रस्त्यानेच धावते. सरळ रस्त्यावर चाल आणि वेग यांतला फरक दिसतच नाही. मग त्वरण म्हणजे फक्त वेग वाढणे, असा समज पक्का होतो आणि तो पुढे जन्मभर टिकतो. सातारा-सांगलीचे घाट, नदी आणि धरण यांच्याकडे पाहिले की तिन्ही राशी वेगळ्या का ठेवाव्या लागतात ते कळते.

चालीला दिशा नसते, म्हणून ती अदिश राशी. वेग आणि त्वरण या सदिश राशी. सातारा हिल मॅरेथॉनमध्ये धावपटू शहरातून निघतात, यवतेश्वरचा घाट चढतात आणि परत शहरात येतात. अंतर सुमारे २१ किलोमीटर. एखाद्याने ते दोन तासांत कापले, तर त्याची सरासरी चाल ताशी साडेदहा किलोमीटर झाली. निघाला तिथेच तो परत आला, तर त्याचे विस्थापन शून्य आणि म्हणून सरासरी वेगही शून्य. मुलांना हे उत्तर अन्यायाचे वाटते. पण सरासरी वेग श्रम मोजत नाही. सुरुवातीच्या जागेपासून शेवटी कोणत्या दिशेला किती सरकलो आणि त्याला किती वेळ लागला, एवढेच तो सांगतो.

सरासरी चालही बरेच काही झाकते. माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीच्या) पात्रता फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंद अशी वेळ देऊन तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. हिशेब केला तर सरासरी चाल सेकंदाला ५.३६ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १९.३ किलोमीटर येते. पण अडथळ्यावर झेप घेताना, पाण्यातून बाहेर पडताना आणि शेवटच्या फेरीत जोर लावताना चाल वेगवेगळी असते. त्या त्या क्षणीची ती तात्कालिक चाल. ग्रहांच्या बाबतीत हीच अडचण भास्कराचार्यांपुढे होती. दिवसभराची सरासरी गती घेऊन ग्रहाचे नेमके स्थान सांगता येत नाही, म्हणून ११५०च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त त्यांनी तात्कालिक गतीचा विचार मांडला. गाडीच्या स्पीडोमीटरचा काटा दाखवतो तीही तात्कालिक चालच. दिशेबद्दल तो काहीच सांगत नाही.

त्वरणाची ओळख बैलगाडी शर्यतीच्या मैदानात चांगली होते. न्यायालयीन बंदीनंतर डिसेंबर २०२१मध्ये परवानगी मिळून या शर्यती पुन्हा सुरू झाल्या. जाणकार माणूस जोडीचे दोन गुण निरनिराळे जोखतो: जोडी सुटते कशी, आणि पुढे तिला पळ किती आहे. पहिला गुण त्वरणाचा, दुसरा चालीचा. समजा, एक जोडी ४ सेकंदांत सेकंदाला १० मीटर ही चाल गाठते आणि तीच टिकवते. तिचे सुरुवातीचे त्वरण २.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग. दुसरी जोडी सावकाश सुटते, पण ६ सेकंदांत सेकंदाला ११ मीटरवर जाते. तिचे त्वरण सुमारे १.८. शंभर मीटरवर पहिली जोडी १२ सेकंदांत पोहोचते आणि दुसरी केसभर मागे, १२.१ सेकंदांत. दोनशे मीटरवर मात्र पहिलीला २२ सेकंद लागतात आणि दुसरीला २१.२. म्हणजे फाटी, अर्थात शर्यतीचा पट्टा, किती लांब आहे यावर निकाल फिरतो. आखूड फाटीत सुटणारी जोडी जिंकेल, लांब फाटीत पळणारी.

वेग आपल्याला जाणवत नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे सातारा शहर ताशी सुमारे १,६०० किलोमीटर चालीने पूर्वेकडे जात असते आणि तिथल्या राजवाडा परिसरात कोणाचाही तोल जात नाही. महामार्गावर एसटी एकसारख्या चालीने सरळ जात असली की उभा प्रवासी दांडी न धरताही उभा राहू शकतो. ब्रेक लागला किंवा वळण आले की लगेच हात दांडीकडे जातो. शरीराला कळतो तो वेगातला बदल. खिशातल्या मोबाइलमध्येही त्वरणमापी असतो. फोन आडवा केला की पडदा आडवा होतो तो त्याच्याच जोरावर.

वळणावर स्पीडोमीटरचा काटा स्थिर असला तरी त्वरण असते, ही गोष्ट पचायला सर्वांत जड. खंबाटकीचा बोगदा ओलांडून पुण्याकडे उतरताना लागणारे एस आकाराचे वळण अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटरने घेतले असे धरू. चालीचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ४.५ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढे त्वरण वळणाच्या आतल्या बाजूला, केंद्राकडे लागते. ते जवळजवळ जोरदार ब्रेक मारल्याइतके आहे. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाने ते पुरवले नाही, तर गाडी वळत नाही, बाहेरच्या कठड्याकडे जाते. चाल निम्मी, ताशी २७ किलोमीटर केली की हेच त्वरण चौथ्या हिश्शावर, सुमारे १.१ वर येते. त्यातून एस वळणात काही सेकंदांतच त्वरणाची दिशा उलटते. उंच माल भरलेला ट्रक एका बाजूला झुकलेला असतानाच त्याला दुसरीकडे वळावे लागते. घाटात ‘वाहने सावकाश चालवा’ असे फलक लिहिलेले असतात. चालकांना वर्गाचा हा हिशेब एकदा नीट समजावून दिला, तर त्या फलकांचे वजन वाढेल असे वाटते.

ब्रेक मारताना त्वरण वेगाच्या उलट दिशेला असते. त्याला ऋण त्वरण म्हणतात. थांबायला लागणारे अंतर म्हणजे चालीचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. ब्रेकचे ऋण त्वरण ५ धरले, तर गाडी थांबायला ४० मीटर लागतात, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात आणखी २० मीटर गेलेले असतात. ऊसहंगामात रात्री सांगली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर हा हिशेब रोज कसाला लागतो. पुढे ताशी १८ किलोमीटरने चाललेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली आहे. तिच्या संदर्भात मोटारीचा सापेक्ष वेग सेकंदाला १५ मीटर. त्या पहिल्या सेकंदाचे १५ मीटर आणि ब्रेकचे साडेबावीस धरले, तर टक्कर टाळायला ट्रॉली किमान साडेसदतीस मीटरवर असतानाच दिसायला हवी. समोरून येणाऱ्या गाडीच्या हेडलाइटने डोळे दिपलेले असताना हे जमेलच असे नाही. रिफ्लेक्टरची पट्टी लावणे म्हणूनच कागदी सोपस्कार नव्हे.

महापुराच्या दिवसांत सांगलीकर नकळत याच राशी वापरतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. लोक आधी विचारतात, ‘पाणी किती फुटांवर?’ ही झाली स्थिती. मग, ‘तासाला किती इंच चढतंय?’ हा पातळीचा वेग. समजा, पहिल्या तासात ६ इंच चढले, दुसऱ्यात ४ आणि तिसऱ्यात २. पातळी अजून वाढतेच आहे, वेगाची दिशा अजून वरचीच आहे, पण त्वरण खालच्या दिशेला लागले आहे. चढ थांबतो त्या क्षणी पातळीचा वेग शून्य असतो, त्वरण मात्र शून्य नसते. म्हणून तर पाणी पुढे उतरू लागते. वर फेकलेल्या चेंडूचे शिखरावर नेमके हेच होते. जाणती माणसे आकडा ५० झाला की ५१, एवढ्यावरच न थांबता चढ मंदावला का हे विचारतात, ते यामुळेच. अर्थात वरच्या धरणांतला विसर्ग वाढला, तर हे चित्र काही तासांत पालटू शकते. नदीचा प्रवाह पुढे वाहण्याचा वेग आणि पातळी वर चढण्याचा वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

न्यूटनच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. त्यामुळे भूकंपात इमारतीवर किती ताण येईल हे ठरवताना अभियंत्याला जमिनीचे त्वरण माहीत असावे लागते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यातल्या कोयनानगर भागात भूकंप झाला. १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणात बसवलेल्या त्वरण नोंदवणाऱ्या यंत्राने धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्व त्वरणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट एवढे कमाल त्वरण टिपले. ०.६३ पट म्हणजे सुमारे ६.२ मीटर प्रतिसेकंद वर्ग, वर काढलेल्या ब्रेकच्या आकड्याहून अधिक. त्याची दिशा एका सेकंदात अनेकदा उलटत होती. म्हणूनच जमीन फार दूर सरकली नसतानाही धरणाच्या भिंतीला वरच्या भागात तडे गेले. धरण पुढे मजबूत करण्यात आले. काँक्रीटची धरणे भूकंपात कशी वागतात हे तपासण्यासाठी जगभरचे अभियंते कोयनेची ती नोंद आजही वापरतात.